मुलाची पदवी आणि घरचा सातबारा

बारावीचा निकाल लागला की रंगीत माहितीपुस्तके घरोघर येऊ लागतात. लहानसे खाजगी विद्यापीठ, नवी इमारत, नोकरीची हमी! शेतकरी बंधू-भगिनींनो, पैसे भरण्यापूर्वी घरात सर्वांनी बसून हिशेब मांडावा.

समजा, वर्षाची फी २ लाख आणि राहण्या-जेवणाचे ८० हजार. चार वर्षांचे झाले ११ लाख २० हजार. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेले की बँका सहसा तारण मागतात. आपल्यापाशी तारण कोणते? जमीन, नाहीतर घर!

बियाणे घेताना आपण पिशवीवरचे लेबल वाचतो, पावती मागतो. येथेही तसेच करावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत नाव आहे का, सरकारी शिष्यवृत्ती तेथे लागू आहे का, हे आधी पाहावे. नोकरी किती जणांना लागली, ते तेथून शिकून गेलेल्या मुलांनाच विचारावे. शेतीची पदवी हवी असेल तर राहुरी, अकोला, परभणी, दापोली येथील सरकारी कृषी विद्यापीठांची चौकशी प्रथम करावी.

उत्तरे पटली तर खर्च जरूर करावा. न पटल्यास तालुक्याच्या अनुदानित महाविद्यालयात जाण्यात कमीपणा नाही. थोरल्याची पदवी व्हावी, पण तिच्यापायी धाकटीची शाळा सुटू नये.