बारूद: फुटणारी आणि जळणारी

आमच्या खाप्याजवळ गुमगावची मँगनीजची खाण आहे. खाणीत खडक फोडायला सुरुंग लावतात. सुरुंगात भरतात ती बारूद आणि बंदुकीच्या काडतुसात असते तीही बारूदच, असं आपण सहज बोलून जातो. शब्द एक, पण कामं अगदी वेगळी. सुरुंगातल्या बारुदीने एका क्षणात फुटायचं असतं. काडतुसातल्या बारुदीने फुटायचं नसतं, तर जळायचं असतं. ती फुटली तर गोळीऐवजी बंदूकच उडेल.

शोरा, कोळसा आणि गंधक यांची काळी दारू कित्येक शतकं चालली. तिचा धूर फार आणि नळीत काजळीही फार. १८४६ साली शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञांनी कापसावर आम्लांची क्रिया करून नवी दारू शोधली. पण ती इतकी झपाट्याने पेटे, की ती बनवणारे कारखानेच उडाले. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल विएय यांनी त्या कापसाचे मोकळे तंतू मोडून घट्ट, शिंगासारखा पदार्थ केला आणि बिनधुराची दारू हाती आली. आपल्या विदर्भाला कापूस काही नवा नाही. मोकळा कापूस भुर्रकन जळून जातो, पण त्याचीच घट्ट वळलेली वात सावकाश जळते. तसंच हे. ही दारू वरच्या थरापासून आत जळत जाते. त्यामुळे दाणा लहान की मोठा, चपटा की पोकळ, यावर तिचा वेग ठरतो.

मग पिस्तुलाला कोणती दारू लागते? सगळ्यात जोरदार ती उत्तम, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. रायफलची नळी लांब असते, तिथे सावकाश जळणारी दारू गोळीला शेवटपर्यंत रेटत नेते. पिस्तुलाची नळी वीतभरही नसते. गोळी सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास बाहेर पडते. तिथे सावकाश जळणारी दारू घातली, तर ती अर्धीमुर्धी नळीबाहेरच जळेल आणि नुसता भपका होईल. म्हणून पिस्तुलाला लवकर जळणारी दारू लागते. उलट हीच दारू रायफलमध्ये बेताबाहेर भरली, तर दाब एकदम चढून नळी फाटू शकते.

स्वयंचलित पिस्तुलाचा आणखी एक हट्ट असतो. दारूच्या धक्क्यानेच त्याचा वरचा भाग मागे सरकतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि पुढचं काडतूस आत घेतो. धक्का कमी पडला तर पुंगळी अडकते. जास्त झाला तर पिस्तुलाला हादरे बसतात.

त्यात गोळी ओतीव शिशाची असली, की पेच वाढतो. शिसं मऊ. नळीत ती नीट घट्ट बसली नाही, तर तापलेला वायू तिच्या कडेने निसटतो, शिसं झिजवतो आणि ते नळीच्या खाचांत चिकटून बसतं. म्हणून शिशात कथील आणि अँटिमनी मिसळून ते कठीण करतात, आणि गोळीचा वेग माफक राखतात. जाणकार आणखी एक गोष्ट पाहतात: दारू फुललेली, जागा भरणारी असावी. म्हणजे चुकून एकाच पुंगळीत दोनदा भरली गेली, तर ती वर सांडते आणि चूक डोळ्यांना दिसते. बारीक, दाट दारू दुप्पट पडली तरी पुंगळीत गुपचूप मावून जाते. धोका तोच.

अमेरिकेत नेमबाज घरी काडतुसं भरतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवणं हा गुन्हा आहे. आपल्या राज्यात हे काम खडकी आणि वरणगावच्या कारखान्यांत चालतं, आणि दारू व स्फोटकं बनतात नागपूरपासून जवळच, भंडाऱ्याच्या जवाहरनगरला. २४ जानेवारी २०२५ रोजी तिथे स्फोट झाला आणि किमान ८ कामगार गेले.

दारूचा दाणा, तिचं वजन, तिचा वेग या सगळ्यांची मापं काटेकोर का असावी लागतात, ते या एका तारखेवरून कळावं. गोळी कुठे लागते ते सारे बघतात. पण तिच्यामागची दारू ज्या हातांतून जाते, ते हात आपल्याच गावांतले असतात, आणि रोज संध्याकाळी ते सुखरूप घरी यावेत म्हणून घरची माणसं वाट बघत असतात.