लांचेचें गणित

गेल्या उन्हाळ्यांतली गोष्ट. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेंत आमच्या पुतण्यास थोडे गुण कमी पडले, आणि आठच दिवसांत चारकोपच्या घरीं एका अपरिचित मध्यस्थाचा दूरध्वनि आला. शुल्काखेरीज ‘वरचे’ १० लाख रुपये मोजल्यास जागा निश्चित, असें त्याचें म्हणणें. रात्रीं जेवणें उरकल्यावर सर्व मंडळी बसली. वहिनी म्हणाल्या, “आप्पा, हल्लीं सगळेच देतात. आपल्याच मुलाचें वर्ष कां फुकट जावें?”

जन्मभर गणित शिकविलेल्या आप्पांनीं कागद पुढें ओढला. “सूनबाई, ‘सगळेच’ हा शब्द मोठा घातक. तो आधीं मोजून पाहूं.”

त्यांनीं मांडलेला हिशेब वाचकांपुढें ठेवण्यासारखा आहे. अपराध करणारा मनुष्य लाभ व धोका तोलून पाहतो, असें गृहीत धरून अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर ह्यांनीं १९६८ सालीं गुन्ह्याचें गणित मांडलें. समजा, लांच १० लाखांची; पकडल्यास ती जप्त होऊन वर ५० लाख दंड. पकडले जाण्याचा संभव एकषष्ठांश असेल, तर सहांपैकीं पांच व्यवहारांत मिळून ५० लाख येतात आणि सहाव्यांत ५० लाख जातात, हातीं शून्य. संभव याहून अधिक असेल तर लांच तोट्याची, कमी असेल तर फायद्याची.

परंतु हा संभव स्थिर नसतो. तपास करणारीं माणसें मोजकींच. तीं वर्षाकाठीं २० प्रकरणें उघडकीस आणीत असतील, तर ४० व्यवहारांच्या गांवांत संभव निम्मा. २०० व्यवहारांच्या गांवांत अवघा एकदशांश. १२० हा उंबरठा. त्याच्या आंत लांच आपोआप आटत जाते. तो ओलांडतांच आपोआप फोफावते. कायदा तोच, माणसें तशींच. पण एका गांवांत सचोटी टिकते, दुसऱ्यांत बुडते. १९९० सालीं आंडविग व मोएने ह्या नॉर्वेजियन अर्थशास्त्रज्ञांनीं याच विचाराचें शास्त्रीय विवेचन केलें. दंड दुप्पट केल्यास उंबरठा २२० वर जातो. तपास दुप्पट केल्यास २४० वर.

महाराष्ट्राचा अनुभव या गणिताशीं ताडून पाहावा. १९८३ सालीं वसंतदादा पाटील ह्यांच्या सरकारनें विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांस वाट मोकळी करून दिली. शिक्षणाची सोय वाढली, हें मान्यच केलें पाहिजे. परंतु देणगीच्या नांवाखालीं रकमाही मागितल्या जाऊं लागल्या. कॅपिटेशन शुल्कास बंदी करणारा राज्याचा कायदा १९८७ चा. पुढें २००५ सालीं इनामदार खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनीं असें शुल्क निषिद्ध ठरविलें. २०१६ पासून वैद्यकीय प्रवेशास देशभर ‘नीट’ ही सामाईक परीक्षा आली.

रॉबर्ट क्लिटगार्ड ह्यांचें १९८८ सालचें सूत्र असें: मक्तेदारी अधिक मर्जी, उणें उत्तरदायित्व, म्हणजे भ्रष्टाचार. एका परीक्षेनें मर्जीस आळा बसला. पण सर्व भार एका प्रश्नपत्रिकेवर आला. २०२४ सालीं ती हजारीबाग व पाटणा येथें फुटल्याचें सर्वोच्च न्यायालयानें नमूद केलें. तात्पर्य, एक दार बंद केलें तरी दुसऱ्यावर पहारा हवाच.

आमच्या घराचा प्रश्न मात्र उरलाच होता. आप्पा म्हणाले, “आपण दिले, तर आंकडा एकानें वाढतो, आणि पुढच्या घरच्या आईस ‘सगळेच देतात’ म्हणावयास आणखी एक आधार मिळतो.” वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलें. इतका वेळ गप्प बसलेला पुतण्या म्हणाला, “आप्पा, मी पुन्हा परीक्षेस बसतों.”

पुढील वर्षीं त्यास जागा मिळेलच, असें कोणतेंही गणित सांगत नाहीं. एक वर्ष ही लहान किंमत नव्हे, हेंही खरें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मध्यस्थाचा क्रमांक घेऊन आप्पा व मी पोलीस ठाण्यावर गेलों. उघडकीस येणाऱ्या २० प्रकरणांचीं २१ व्हावीं, एवढें तरी सामान्य गृहस्थाच्या हातीं असतेंच.