सातारच्या गादीचा वारस आणि शपथेचे प्रामाण्य

राजवंशात वारसाचा वाद उपस्थित झाला म्हणजे इतिहासकार प्रथम एकच प्रश्न विचारतो : खरा वारस कोण? हा प्रश्न अटळ आहे, परंतु पुरेसा नाही. ज्या काळी जन्माची नोंद ठेवणारे दप्तर नव्हते, त्या काळी ‘हा आमच्या वंशाचा’ हे वाक्य कोणी, कोठे व कोणासमोर उच्चारले असता ते प्रमाण मानले जाई, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. इ. स. १७४९ ते १७५२ या काळातील सातारच्या गादीचा वाद या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

छत्रपती शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ रोजी साताऱ्यास निवर्तले. त्यांना औरस पुत्र नव्हता. नात्याने जवळचे म्हणजे कोल्हापूरचे संभाजी महाराज. परंतु त्यांना सातारच्या गादीवर आणण्यास शाहूंची संमती नव्हती. याच वेळी ताराबाईंनी एक गोष्ट प्रकट केली. आपला पुत्र शिवाजी १७२६ साली मृत्यू पावला. त्याचा एक मुलगा असून भाऊबंदांच्या भयाने त्याला आपण लहानपणापासून लपवून वाढविले, असे त्यांचे म्हणणे होते. हाच रामराजा. बाळाजी बाजीराव पेशव्यांनी हे कथन मान्य केले आणि जानेवारी १७५० मध्ये रामराजा सिंहासनावर आला.

सर्वांचे समाधान मात्र एवढ्याने झाले नाही. नागपूरकर रघूजी भोसल्यांनी अशी मागणी केली की, ताराबाईंनी जातभाईंच्या पंक्तीत रामराजासह भोजन करावे आणि त्या अन्नाची शपथ वाहून तो आपला नातू असल्याचे सांगावे. ताराबाईंनी तसे केले आणि रघूजींचा संशय मिटला. येथे शब्द एकटा नाही; त्याला अन्नाची व पंक्तीची जोड आहे. ज्याच्याशी अन्नव्यवहार झाला तो आपला, हा समाजाचा नियमच वंशाचा पुरावा म्हणून उभा केला गेला.

असा पुरावा केवळ मराठ्यांनीच मागितला असे नाही. फ्रँक लोकांचा मेरोव्हिंजियन राजा चिल्पेरिक ५८४ साली मारला गेला, तेव्हा त्याचा पुत्र क्लोथार अवघ्या काही महिन्यांचा होता. मुलाचा चुलता राजा गुंट्राम याला त्याच्या जन्माविषयीच संशय आला. तेव्हा राणी फ्रेडेगुंडने तीन बिशप व तीनशे सरदार यांच्याकडून शपथ वाहविली की, मूल चिल्पेरिकचेच आहे. समकालीन इतिहासकार तूरचा ग्रेगरी याने ही हकीकत नोंदविली आहे. तेथे साक्षीदारांची संख्या, येथे पंक्ती. साधन भिन्न, कार्य एकच.

सातारच्या प्रकरणाचे वैशिष्ट्य असे की, येथे शपथ उलटली. १७५० सालीच, आज जत तालुक्याच्या शेजारी असलेल्या सांगोल्याच्या मुक्कामी, रामराजाने राज्यकारभाराचा अधिकार पेशव्यांच्या हाती जाऊ दिला. पेशव्यांना दूर करावे ही ताराबाईंची इच्छा त्याने मानली नाही. २४ नोव्हेंबर १७५० रोजी त्यांनी त्याला सातारच्या किल्ल्यात कैद केले व तो आपला नातू नसून गोंधळ्याचा मुलगा आहे असे जाहीर केले. पुढे १४ सप्टेंबर १७५२ रोजी जेजुरीस खंडोबाच्या देवळात ताराबाई व पेशवे यांच्यात शपथपूर्वक सलोखा झाला. त्या प्रसंगीही ताराबाईंनी रामराजा तोतया असल्याचे शपथेवर सांगितले.

एकाच मुखातून दोन शपथा. एक अन्नावर, दुसरी देवासमोर. दोन्ही खऱ्या असणे शक्य नाही. पहिली सत्तेच्या आशेने वाहिली, दुसरी ती आशा फोल ठरल्यावर. म्हणून केवळ शपथेच्या गांभीर्यावरून निर्णय करता येत नाही. परंतु व्यवहाराने निर्णय केला. दुसऱ्या शपथेनंतरही पेशव्यांनी रामराजालाच छत्रपती मानले आणि १७७७ साली मृत्यू येईपर्यंत गादी त्याच्याच नावाची राहिली.

याची मीमांसा करताना भाषाशास्त्रातील एक भेद उपयोगी पडतो. जे. एल. ऑस्टिन यांनी वस्तुस्थिती सांगणारी विधाने आणि उच्चारानेच कृती घडविणारी विधाने असा भेद केला. ‘हा माझा नातू आहे’ हे विधान वरवर पहिल्या प्रकारचे आहे. पण पंक्तीत, शपथेवर उच्चारले जाताच ते दुसऱ्या प्रकारचे होते. विधान खोटे म्हणून मागे घेता येते. घडलेली कृती तशी मागे घेता येत नाही. राज्याभिषेक झाला होता, सरदारांनी मुजरे केले होते, त्याच्या नावाने कारभार चालू झाला होता. ताराबाईंनी आपला शब्द परत घेतला. त्यातून निर्माण झालेला राजा त्यांना परत घेता आला नाही.

फ्रँकांच्या देशी ७५१ साली राजवाड्याचा मुख्य अधिकारी पिपिन याने अखेरच्या मेरोव्हिंजियन राजाचे केस कापून त्याला मठात पाठविले व स्वतः राज्यपद घेतले. पेशव्यांनी तसे केले नाही. पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहूनच येत राहिली. त्यांना छत्रपतींच्या रक्ताच्या निश्चितीपेक्षा छत्रपतींच्या नावाची गरज अधिक होती. म्हणून या वादाचा अभ्यास करताना रामराजा कोणाचा पुत्र होता एवढेच विचारून थांबू नये. त्याला कोणाचा पुत्र म्हणून स्वीकारणे कोणाला आवश्यक होते, हेही विचारावे.