पद सोडा, असे केव्हा म्हणावे?

निरवांगीहून नीरेच्या काठाकाठाने वरच्या अंगाला गेले, की पुढे बारामती तालुक्यात होळ नावाचे गाव लागते. पहिले मल्हारराव होळकर या गावचे. गावावरून आडनाव पडले, आणि ते आडनाव पुढे इंदूरच्या गादीवर बसले. याच घराण्यातील तिसरे तुकोजीराव यांना १९२६ साली ती गादी सोडावी लागली. लढाईत हरले म्हणून नव्हे, की खजिना बुडाला म्हणून नव्हे; दरबारातून निघून गेलेल्या एका स्त्रीच्या प्रकरणावरून.

ही गोष्ट आज तुम्हाला सांगतो, आणि तिच्या जोडीला अलीकडची, विलायतेची एक. सरपंच असो, सोसायटीचा चेअरमन असो की हेडमास्तर असो, त्याच्या घरातल्या गोष्टींची चावडीवर कुजबुज सुरू झाली, की लगेच कोणी तरी म्हणतो, “ह्याला खाली ओढा.” तसे म्हणावे की नाही, याचा विचार करायला या दोन गोष्टी उपयोगी पडतील.

मुमताज बेगम ही इंदूर दरबारी गाणारी-नाचणारी. कित्येक वर्षे ती महाराजांच्या आश्रयास होती. पुढे तिला तिथे राहणे नकोसे झाले. प्रवासात दिल्ली स्टेशनावर ती उतरली आणि इंदूरला परत जायचे तिने साफ नाकारले. शेवटी मुंबईत अब्दुल कादर बावला या धनिक व्यापाऱ्याकडे ती राहू लागली. १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी हे दोघे मलबार हिलवर मोटारीतून फिरायला गेले असता मागून दुसऱ्या मोटारीने धडक दिली. त्यातून माणसे उतरली. बावलांना गोळ्या घातल्या, मुमताजच्या तोंडावर सुऱ्याने वार केले आणि तिला ओढून न्यायला लागले. तेवढ्यात गोल्फ खेळून परतणारे काही इंग्रज लष्करी अधिकारी तिथे पोचले. त्यांच्यापैकी एकाने हातातली गोल्फची काठीच हत्यार म्हणून वापरली! बावला मेले, मुमताज वाचली.

मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती क्रंप यांच्यापुढे खटला चालला. आरोपींत इंदूर दरबारचे अधिकारी आणि नोकर होते. त्यांतल्या सरदार आनंदराव फणसे यांच्या बाजूने बॅरिस्टर जिना उभे राहिले होते. तिघांना फाशीची, आणखी काहींना जन्मठेपेची शिक्षा झाली. या कटाचा उगम शोधायचा तर इंदूरकडे पाहावे लागते, हे न्यायमूर्तींनाही जाणवले. महाराज स्वतः मात्र आरोपी नव्हते. त्यांच्यावर गुन्हा कोणत्याही कोर्टात शाबीत झालेला नाही, हे इथे स्पष्ट सांगितले पाहिजे. लोकांना तेवढा धीर कुठला! त्याच वर्षी ‘कुलीन कांता’ नावाचा मूकपटदेखील या प्रकरणावर निघाला.

आता बघा. महाराजांचा कोणा स्त्रीवर जीव होता, ही त्यांची खासगी बाब म्हणता येईल. पण ती “येत नाही” म्हणाल्यावर संस्थानचे चाकर तिच्या मागे लागतात, ही खासगी बाब उरते काय? माझ्या मते नाही. शिवाय “खासगी” हा शब्द आपण कोणाच्या बाजूने वापरतो तेही पाहावे. राजाचे खासगी आयुष्य झाकताना त्या बाईच्या नकाराला काही किंमतच राहात नाही.

गादी मागितली ती मात्र प्रजेने नव्हे. इंग्रज सरकारने महाराजांपुढे दोन वाटा ठेवल्या: चौकशी कमिशनला सामोरे जा, नाही तर पायउतार व्हा. महाराजांनी २६ फेब्रुवारी १९२६ रोजी गादी सोडली. मुलगा यशवंतराव अल्पवयीन होता, तो गादीवर आला. त्यामुळे चौकशी झालीच नाही. राजीनाम्याचा हा एक तोटा मला नेहमी खटकतो. माणूस जातो आणि त्याच्याबरोबर खरे काय घडले तेही जाते.

दोन वर्षांनी, १९२८ साली, याच तुकोजीरावांनी नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी लग्न केले. शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या हस्ते नाशिकला ती हिंदू झाली आणि शर्मिष्ठाबाई होळकर झाली. गवगवा याही लग्नाचा खूप झाला. पण इथे दोघांची खुशी होती, कोणावर जबरदस्ती नव्हती, आणि तुकोजीरावांच्या हाती राज्यही उरले नव्हते. एकाच माणसाची ही दोन प्रकरणे. पहिल्यात लोकांनी जाब विचारणे रास्त होते. दुसऱ्यात नुसता चवीचा विषय होता.

आता विलायतेची गोष्ट. आपल्याकडे बैलगाडा शर्यतीत पंच असतात ना, तशी मोटारींच्या शर्यतींची नियम करणारी जागतिक संघटना आहे, एफआयए. देशोदेशींचे मोटार क्लब तिचे सभासद. मॅक्स मोस्ले हे इंग्रज गृहस्थ १९९३ पासून तिचे अध्यक्ष होते. ३० मार्च २००८ रोजी ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ या लंडनच्या साप्ताहिकाने त्यांच्या कामजीवनाची चोरून घेतलेली चित्रे छापली. प्रकार खासगी जागेतला, सारे प्रौढ आणि आपखुशीने आलेले. पण पत्राने त्यावर ‘नाझी’ असा शिक्का मारला. मोस्ले यांचे वडील सर ऑसवाल्ड हे १९३० नंतरच्या काळात इंग्लंडातील फॅसिस्टांचे पुढारी होते, तेव्हा हा शिक्का चटकन चिकटला.

मग “पायउतार व्हा” असा एकच गिल्ला झाला. बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, होंडा, टोयोटा या कंपन्यांनी निषेध केला. जॅकी स्टुअर्ट यांच्यासारखे जुने विजेते बोलले. बहारीनच्या युवराजांनी तर “आमच्या शर्यतीला येऊ नका” असे कळवले. मला या साऱ्यात युवराजांचा मुद्दा वजनदार वाटतो. अध्यक्षाला यजमान दारात उभे करीत नसतील, तर तो काम कसे करणार? अब्रूच्या गप्पांपेक्षा हा प्रश्न खरा.

मोस्ले हटले नाहीत. त्यांनी स्वतःच सर्वसाधारण सभा बोलावली. पॅरिसला ३ जून २००८ रोजी गुप्त मतदान झाले: १०३ मते त्यांच्या बाजूने, ५५ विरुद्ध. पुढे २४ जुलैला लंडनच्या हायकोर्टात न्यायमूर्ती ईडी यांनी निकाल दिला, की नाझीपणाचा पुरावा नाही, ही चित्रे छापण्यात लोकहित नव्हते. आणि साठ हजार पौंड भरपाई द्यायला लावली. मात्र हेही त्यांनी मान्य केले, की छळछावण्यांतल्या बळींची खरोखरच टवाळी झाली असती, तर लोकहिताचा प्रश्न उभा राहिला असता. म्हणजे घरातले वर्तनही पदाशी जोडले जाऊ शकते. पण ती जोड दाखवावी लागते, नुसती म्हणून चालत नाही.

आपल्या सुप्रीम कोर्टानेही १९९४ साली, तमिळनाडूतल्या राजगोपाल या संपादकाच्या खटल्यात, अशीच रेघ ओढली. सरकारी अधिकाऱ्याचे जे वागणे त्याच्या कामाशी निगडित आहे, त्यावर त्याला खासगीपणाची ढाल धरता येत नाही; बाकीच्यावर येते. २०१७ साली नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. तो हक्क सरपंचाला आहे आणि त्याच्याविरुद्ध ठराव आणणाऱ्यालाही आहे.

मोस्ले यांनी ऑक्टोबर २००९ मध्ये मुदत पुरी करून अध्यक्षपद सोडले. पुढे ते स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले. अशी बातमी छापण्यापूर्वी त्या माणसाला कळवण्याची सक्ती पत्रांवर करावी, एवढीच त्यांची मागणी होती. कारण एकदा छापून आले, की कोर्ट पैसे देऊ शकते, झाकलेले परत झाकू शकत नाही. मे २०११ मध्ये न्यायालयाने ती मागणी फेटाळली. अशी सक्ती केली तर खरी लफडी उघडकीस आणणाऱ्या पत्रांचेही हात बांधले जातील, अशी भीती न्यायालयाला वाटली. त्यानंतर दोनच महिन्यांत, जुलैमध्ये, ते साप्ताहिक बंद पडले. लोकांच्या टेलिफोनवरचे निरोप त्याची माणसे चोरून ऐकत होती, असे बाहेर आले होते.