३० टक्के पाऊस म्हणजे छत्री किती उघडायची?

आभाळाचा मूड ओळखणं अवघड, मान्य! पण ओळखलेला मूड लोकांच्या डोक्यात नीट उतरवणं? ते त्याहून अवघड. चला, अंदाजांच्या दुनियेत एक झटपट सफर. रेनकोट ऑप्शनल!

टक्केवारीचा घोळ
‘टक्केवारी’ म्हटलं की आपल्याला कंत्राटदार आठवतो, अमेरिकनांना पाऊस! तिथे १९६५पासून पावसाची शक्यता टक्क्यांत सांगतात. पण ‘उद्या ३० टक्के’ म्हणजे नेमकं काय हो? संशोधकांनी न्यूयॉर्क, बर्लिन, मिलान, अथेन्स आणि ॲमस्टरडॅममधल्या लोकांना हेच विचारलं. कुणी म्हणालं, दिवसातला ३० टक्के वेळ पडेल. कुणी म्हणालं, ३० टक्के भागात. खरा अर्थ असा, की उद्यासारखे १०० दिवस आले तर त्यातले साधारण ३० ओले! २००५मध्ये निकाल छापून आला. बहुमत बरोबर निघालं ते फक्त न्यूयॉर्कमध्ये.

‘तुरळक’ तोलूनमापून
माहीत आहे का? बुलेटिनमधलं ‘तुरळक ठिकाणी’ हे काही उगाच सोडून दिलेलं वाक्य नाही. आपल्या हवामान खात्याच्या हिशेबात त्या विभागातल्या जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस, म्हणजे तुरळक. ‘काही ठिकाणी’ म्हटलं की मजल ५० टक्क्यांपर्यंत. तुमची गच्ची कोरडी आणि मावशींची चिंब? अंदाज तरीही पास!

शंकेची पाल
मे २०२१मध्ये आपल्या किनाऱ्याला झोडपून गेलेलं ‘तौक्ते’ आठवतंय? नाव म्यानमारने सुचवलेलं, उच्चार ‘ताउते’च्या जवळचा आणि अर्थ... चक्क पाल! आपल्या भागातल्या वादळाचं नाव आठ अक्षरांच्या आत आणि उच्चारायला सोपं हवं, असा नियम आहे. रोमन स्पेलिंग पाहून अख्खा देश अडखळला, तेव्हा नियमावर पाल चुकचुकली असणार.

मधले आकडे गेले कुठे?
हाँगकाँगच्या वादळी सिग्नलांची गिनती ऐका: १, ३, ८, ९, १०. मोजणाऱ्याला डुलकी लागली? छे! पूर्वी ५ ते ८ हे चारही सिग्नल सारख्याच जोराच्या वाऱ्याचे, फरक फक्त दिशेचा. पण लोकांना वाटायचं, ५पेक्षा ८ भारी! म्हणून १९७३मध्ये चौघांनाही ‘८’ केलं आणि पुढे दिशा जोडली. गणित बिघडलं, गैरसमज मिटला.

एक शब्द, हजारो जीव
आता जरा थांबून वाचा. नोव्हेंबर २०१३, फिलिपिन्स, हैयान वादळ. अंदाज आला होता, इशाराही दिला होता. त्यात ‘स्टॉर्म सर्ज’ हे शब्द होते. म्हणजे वादळाने किनाऱ्यावर ढकललेली पाण्याची भिंत. टॅक्लोबानमध्ये अनेकांना ते शब्द कळलेच नाहीत. ‘त्सुनामी म्हणाला असतात तर पळालो असतो,’ असं वाचलेले नंतर सांगत होते. देशभरात सहा हजारांहून जास्त माणसं गेली.

छत्री हेच यंत्र
वारा मोजायला मशीन नाही? नो टेन्शन! १८०५च्या ब्यूफर्ट स्केलमध्ये वाऱ्याचा जोर जहाजाच्या शिडांवरून ठरायचा. पुढे जमिनीवरच्या खुणा आल्या. धूर सरळ वर गेला तर शून्य. छत्री सांभाळता येईना? नंबर ६! जपानी तर त्याही पुढचे. तिथे ‘धुण्याचा निर्देशांक’ मिळतो: आज कपडे वाळणार की कुबट वास मारणार? मिलिबार गेले खड्ड्यात, दोरीवरच्या शर्टाचं बोला!

रंगपेटी संपली
ऑस्ट्रेलियात जानेवारी २०१३मध्ये असं ऊन तापलं, की हवामान खात्याच्या नकाशाला रंगच पुरेनात. ५० अंशांच्या पुढे गडद जांभळा आणि गुलाबी आणावा लागला, थेट ५४पर्यंत. होळीआधीच रंगपंचमी!

इमोजीचे आजोबा
आणि आपण? आपल्या पंचांगात नक्षत्रांची वाहनं कधीपासून धावताहेत! बेडूक, म्हैस, हत्ती म्हणजे धो धो, कोल्हा किंवा मेंढा म्हणजे ठणठणाट. अंदाज खरा ठरेलच याची गॅरंटी शून्य, पण डिझाइन? शंभर नंबरी! ‘यंदा मृगाचं वाहन हत्ती’ एवढं ऐकलं, की अक्षरओळख नसलेल्या आजीलाही पुढचं सांगावं लागत नाही.

जाता जाता क्विझ
हवामान खात्याचा यलो म्हणजे ‘लक्ष ठेवा’. ऑरेंज म्हणजे ‘तयार राहा’. आणि रेड? ‘कृती करा’! मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर उभं राहून लाटेसोबत सेल्फी काढणं ही ती कृती नव्हे, बरं का.