यंत्राचा पाया

आपल्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेंत एका भक्कम टेबलावर जुना ऑसिलोस्कोप ठेविलेला आहे, तो बहुतेक विद्यार्थ्यांनीं पाहिला असेलच. विजेच्या दाबांत क्षणोक्षणीं होणारे फेरफार हिरव्या रेषेच्या रूपानें डोळ्यांना दाखविणारें हें यंत्र होय. ज्या प्रकारच्या नळीच्या पडद्यावर ही रेषा उमटते, ती नळी कार्ल फर्डिनांड ब्राऊन या जर्मन शास्त्रज्ञानें १८९७ सालीं तयार केली. आपलें यंत्र टेक्ट्रॉनिक्स कंपनीचें, ५४५ या क्रमांकाचें आहे. ही कंपनी १९४६ सालीं अमेरिकेच्या ऑरेगन संस्थानांत स्थापन झाली व १९५० नंतरच्या दशकांत तिनें हा नमुना तयार केला.

गेल्या पावसाळ्यांत हें यंत्र एकाएकीं बिघडलें. पडद्यावरील रेषा जाड होऊन थरथरूं लागली व तीवरून घेतलेलीं मापें चुकूं लागलीं. त्या दिवशीं यंत्राला शेवटीं हात लावणारा दहावींतील एक विद्यार्थी होता. "सर, मीं फक्त एक बटण फिरविलें," असें तो काकुळतीनें सांगत होता. परंतु त्याच्यावर विश्वास न ठेवितां मी त्याला वर्गासमक्ष रागें भरलों व प्रयोगशाळेंत येण्याची मनाई केली. पुढें काय निष्पन्न झालें तें सांगण्यापूर्वीं, या यंत्राला वीज कशी पुरविली जाते हें आपण समजून घेऊं.

भिंतींतून येणारी वीज एकदां या दिशेनें व एकदां उलट दिशेनें वाहते. अशीं तिचीं सेकंदाला ५० आवर्तनें होतात. यंत्रांतील व्हाल्व्हांना मात्र एकाच दिशेची व स्थिर दाबाची वीज लागते. प्रथम ट्रान्सफॉर्मर विजेचा दाब हवा तितका करितो. मग रेक्टिफायर तिला एकाच दिशेनें वाहूं देतो. आवर्तनाचे दोन्ही अर्धे भाग उपयोगांत आणिल्यामुळें या विजेंत सेकंदाला १०० लाटा राहतात. त्या शांत करण्याचें काम कंडेन्सर करितो. घरावरील टाकी ज्याप्रमाणें पाणी सांठवून नळाची धार सारखी ठेविते, त्याप्रमाणेंच हें आहे. शेवटीं रेग्युलेटर हा पहारेकरी उभा असतो. मिळालेला दाब तो एका ठराविक मापाशीं सतत ताडून पाहतो व कमीजास्त झाल्यास सांवरून घेतो.

या यंत्रांत असे पांच मुख्य दाब आहेत: उणे १५० व्होल्ट, आणि अधिक १००, २२५, ३५० व ५०० व्होल्ट. यांपैकीं उणे १५० हा सर्वांचा पाया होय. त्याचें माप एका लहानशा वायूनें भरलेल्या नळीवरून ठरतें. तिच्या दोन टोकांमधील दाब सुमारें ८७ व्होल्टांवर स्थिर राहतो. बाकीचे चार रेग्युलेटर आपापला दाब या उणे १५० शीं ताडून पाहतात. तेव्हां हा एक दाब ढळला कीं सगळेच ढळतात. वाळूवर बांधलेल्या घराचा दृष्टांत आपण प्रार्थनेच्या वेळीं ऐकतों. तेथें भिंतींना कितीहि लिंपलें तरी घर उभें राहत नाहीं.

येथें एक गंभीर इशारा देणें माझें कर्तव्य आहे. असें यंत्र कोणाहि विद्यार्थ्यानें उघडूं नये. पडद्याच्या नळीसाठीं यांत सुमारें १०,००० व्होल्टांचा दाब उत्पन्न केलेला असतो. शिवाय प्लग काढून घेतल्यावरहि कंडेन्सरांत वीज सांठलेली राहते व ती प्राण घेऊं शकते. माहीतगार मनुष्य प्रथम प्लग काढितो, कांहीं वेळ थांबतो, योग्य रेझिस्टरमधून सांठा रिकामा करितो आणि मीटरनें खात्री करून घेतल्यावांचून आंत हात घालीत नाहीं. फ्यूज जळाला तर त्याच्या जागीं जाड तार घालणें हा तर निव्वळ अविचार होय.

आतां माझी चूक सांगतों. मीं घाईघाईनें मीटर लाविला, तों ३५० च्या जागीं ३२९ व्होल्ट दिसले. लागलीच त्या विभागांतील दोन व्हाल्व्ह मीं बदलले. परंतु कांहींच उपयोग झाला नाहीं. त्या रात्रीं यंत्राची माहितीपुस्तिका शांतपणें वाचली, तेव्हां पाया सोडून भिंत दुरुस्त करीत होतों हें ध्यानांत आलें.

दुसऱ्या दिवशीं त्या विद्यार्थ्यास मीं बोलावून घेतलें. तो दूर बसून आंकडे लिहूं लागला व मी क्रमानें मोजूं लागलों. भिंतींतील दाब ठीक होता. उणे १५० च्या जागीं उणे १४१ भरले. १०० च्या जागीं ९४, आणि ५०० च्या जागीं ४७०. "सर, सगळेच शेंकडा सहानें कमी आहेत!" तो म्हणाला. पांच ठिकाणीं पांच निरनिराळे दोष एकाच प्रमाणांत होणें संभवत नाहीं. दोष मुळाशींच असला पाहिजे. वायूच्या नळीवर ८७ व्होल्ट होते, म्हणजे माप खरें होतें. मग उणे १५० मध्यें लाटा आहेत काय तें पाहिलें. त्या होत्या व सेकंदाला १०० होत्या. रेक्टिफायरचा अर्धा भाग निकामी असता तर ५० च्या लाटा दिसल्या असत्या. अर्थात् संशय कंडेन्सरवर आला. यंत्र बंद करून सांठा रिकामा केला व त्या दाबाला पुरेसा असा एक चांगला कंडेन्सर तात्पुरता शेजारीं जोडला. यंत्र सुरू केलें; सुमारें अर्ध्या मिनिटानें आंतील रिले वाजला, आणि पडद्यावर बारीक, निश्चल रेषा उमटली.

जुना कंडेन्सर आंतून सुकून गेला होता. त्यांतील द्रव वर्षानुवर्षें हळूहळू उडून जातो. त्या मुलाच्या वडिलांच्या जन्मापूर्वींपासून ही झीज चालली होती. त्यानें फिरविलेल्या बटणाचा तिच्याशीं कांहीं संबंध नव्हता. नवा कंडेन्सर आम्हीं डाख देऊन कायमचा बसविला. या यंत्रांतील चिनी मातीच्या पट्ट्यांना चांदी मिसळलेला डाखच लागतो, आणि दूरदर्शी कारागिरांनीं त्याचें एक लहान रीळ यंत्राच्या आंतच ठेविलेलें असतें.

त्यानंतर ज्या वर्गासमक्ष मीं त्या विद्यार्थ्यास दोष दिला होता, त्याच वर्गासमक्ष त्याची क्षमा मागितली. विद्यार्थ्यांनो, व त्यांच्या वडीलधाऱ्या मंडळींनो, घरांत किंवा शाळेंत एखादी वस्तु बिघडली म्हणजे तिला शेवटीं कोणाचा हात लागला हें आपण प्रथम विचारतों. तो प्रश्न सोपा आहे, पण त्यानें दोष सांपडतोच असें नाहीं. आधीं मोजावें, मुळापासून मोजावें, आणि मगच बोलावें.