लोखंडी राखाडी

रेल्वेच्या प्रतिकृती करणाऱ्यांना एक प्रश्न हमखास पडतो : हे इंजिन नेमके कोणत्या रंगाचे होते? प्रवासी गाड्यांच्या इंजिनांबाबत उत्तर बहुधा सापडते, कारण रेल्वे कंपन्या आपले रंग मिरवत असत. लष्करी इंजिनाचा रंग मिरवण्यासाठी नसतो. तो घाईत आणि टंचाईत लावला जातो आणि युद्ध संपले की पहिल्या संधीला दुसऱ्या रंगाखाली जातो.

माझी या प्रश्नाशी गाठ पडली ती जर्मनीच्या ‘५२ वर्गा’च्या इंजिनामुळे. जर्मन लोक त्याला ‘क्रीग्सलोक’ म्हणत, म्हणजे सरळसरळ युद्ध-इंजिन. त्यातले पहिले १९४२ च्या सप्टेंबरात कारखान्याबाहेर पडले आणि पुढे अशी सहा हजारांहून अधिक इंजिने बांधली गेली. आधीच्या ५० वर्गाच्या इंजिनात सुमारे सहा हजार सुटे भाग होते. त्यांतले एक हजाराच्या आसपास वगळले आणि तीनेक हजार सोपे केले. तांबे वाचवायचे, तास वाचवायचे आणि पूर्वेकडच्या आघाडीवर माल पोचवायचा, एवढेच उद्दिष्ट. त्याच काटकसरीत रंगही आला. शांततेच्या काळात जर्मन इंजिन वरून काळे आणि खाली चाके-सांगाड्याला लाल असे. लाल रंगावर तडा चटकन दिसतो, हे त्याचे सांगितले जाणारे कारण. युद्ध-इंजिनाला मात्र चाकांपासून छतापर्यंत एकच राखाडी रंग. नियमावलीत त्याचे नाव ‘आयझनग्राऊ’, शब्दशः लोखंडी राखाडी.

माझी प्रतिकृती ८७ पटींनी लहान, म्हणजे टेंडरसह सुमारे २६ सेंटिमीटर लांब. जुळणी संपल्यावर मी दुकानातून ‘जर्मन ग्रे’ लिहिलेली बाटली आणली आणि दोन हात मारले. वाळल्यावर इंजिन जवळजवळ काळे दिसू लागले. आधी दोष माझ्या ब्रशला दिला, मग ट्यूबलाइटला. खरे कारण बाटलीवरच्या नावात होते. तो रंग रणगाड्यांचा होता. आज आरएएल ७०२१ म्हणून ओळखली जाणारी ती छटा कोळशाला चिकटलेली आहे. इंजिनाची लोखंडी राखाडी म्हणजे आरएएल ७०११ ही तिच्याहून बरीच उजळ, किंचित निळसर. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर पहिली बिडाच्या तव्याच्या बुडासारखी आणि दुसरी नुकत्याच घासून ठेवलेल्या लोखंडी कढईसारखी. दोन्ही ‘जर्मन’ आणि दोन्ही ‘ग्रे’, म्हणून बाटली खोटी नव्हती. खरेदी करणारा भोळा होता.

आरएएल हे प्रकरण मुळात व्यापारी आहे. पुरवठ्याच्या अटी ठरवणारी ही समिती १९२५ मध्ये जर्मनीत स्थापन झाली आणि १९२७ मध्ये तिने ४० रंगांचा पहिला संच काढला. हेतू असा की गिऱ्हाइकाने दर वेळी नमुन्याचा तुकडा पाठवू नये, नुसता क्रमांक कळवावा. सोय मोठी, पण क्रमांक सांगतो तो फक्त आदेश. टंचाईच्या काळात रंगाच्या डब्यात काय होते, किती पातळ केले होते, एक हात मारला की दोन, हे क्रमांक सांगत नाही.

मग पुरावा म्हणून माणूस छायाचित्रांकडे वळतो आणि तिथेच खरी फसगत होते. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नसे, त्यामुळे तिच्यावर लाल चाके काळी उमटतात. नंतरच्या पॅनक्रोमॅटिक फिल्मवर तोच लाल मधल्या राखाडीसारखा येतो. युद्धकाळात दोन्ही प्रकारच्या फिल्म वापरात होत्या. म्हणजे एखाद्या चित्रात चाके आणि बॉयलर सारख्याच राखाडी दिसल्या, तरी इंजिन एकरंगी होते असा निष्कर्ष निघत नाही. चाके लालही असू शकतात. अशा वेळी रंगछटेपेक्षा कडा पाहाव्यात. दोन रंग जिथे भेटतात तिथे रंगाऱ्याचा हात थोडा तरी हलतो आणि ती रेघ कुठल्याही फिल्मवर सुटत नाही.

दुसरा सापळा याहून गमतीचा आहे. कारखान्यातून नवे इंजिन बाहेर पडले की त्याचे अधिकृत छायाचित्र काढायची पद्धत होती. काळ्या चकचकीत इंजिनाचे बारकावे फिल्मवर उमटत नसत, म्हणून केवळ फोटोसाठी त्याला मंद राखाडी रंग फासत आणि नंतर खरा रंग देत. इंग्लंडमध्येही हेच चाले. तेव्हा कारखान्याच्या आवारात उभे असलेले राखाडी इंजिन दिसले म्हणून ते युद्धाच्या रंगातले असे समजू नये. मी हल्ली अशी चित्रे बाजूला ठेवतो आणि मालगाडी ओढणारे, काजळीने माखलेले इंजिन शोधतो. ते सुंदर नसते, पण त्याने फोटोसाठी कपडे बदललेले नसतात.

रंगीत छायाचित्रे? आग्फाची रंगीत फिल्म १९३६ पासून बाजारात होती आणि युद्धातली काही चित्रे तिच्यावर आहेत. पण तिच्यातली रंगद्रव्ये सारख्या वेगाने विटत नाहीत. एक घटक आधी उडतो आणि सगळे चित्र एका बाजूला झुकते. राखाडी रंगाला हे झुकणे सर्वांत आधी लागते, कारण त्याच्याकडे स्वतःचे फारसे काही नसते. त्यातल्या त्यात बर्फ किंवा पांढरा सदरा चित्रात असेल तर तो आज किती पिवळा वा गुलाबी दिसतो ते पाहून राखाडीचा अंदाज बांधता येतो.

मग उरते खुद्द लोखंड. ही इंजिने युद्धानंतर पोलंड, सोव्हिएत संघ, युगोस्लाव्हिया, दोन्ही जर्मनी अशी विखुरली. बोस्नियातल्या कोळसा खाणींत तर काही एकविसाव्या शतकातही राबत होती. जतन झालेल्यांपैकी बहुतेक आज काळ्या-लाल रंगात दिसतात. सहलीला आलेल्या मुलांना तो आवडतो आणि तो खोटाही नाही, कारण युद्धानंतर तीसचाळीस वर्षे ती त्याच रंगात धावली. मात्र त्यामुळे हे यंत्र कशासाठी जन्माला आले ते डोळ्यांआड होते. ज्या राइख्सबानसाठी ही इंजिने बांधली, तिच्याच रुळांवरून माणसांनी कोंबलेल्या गाड्याही छळछावण्यांकडे गेल्या. म्हणून रंग चुकणे मला निव्वळ हौशी माणसाची खंत वाटत नाही.

जुना रंग शोधायचा तर टणक कागदाने एका ठिकाणी गोल घासत खड्डा करतात. झाडाच्या वर्तुळांसारखे थर उघडे पडतात. अधिक काटेकोर काम करायचे तर खपलीचा कण राळेत बसवून त्याचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. इथेही सावध राहावे लागते. सर्वांत खालची राखाडी बहुधा अस्तराची असते, इंजिनाची नव्हे. दोन थरांच्या मध्ये काजळीची काळी रेघ असेल तर खालचा थर धूर खात धावला होता. रेघ नसेल तर तो अस्तरच समजावा. शिवाय तेलाचे बंधक वयानुसार पिवळे पडते आणि निळसर राखाडी हिरवट वाटू लागते.

रंग कळला तरी तो प्रतिकृतीवर जुळवणे वेगळेच. पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात रंगकामाचा प्रमुख असलेल्या शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाकडे तक्रार आली होती की काळा धागा फिका वाटतो. त्याने तपासले तर धागा उत्तम होता. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो तसा भासत होता. त्यातून १८३९ मध्ये त्याचा रंगविरोधावरचा ग्रंथ आला. माझ्या टेबलावर हिरवे कापड होते आणि त्यावर माझी राखाडी लालसर दिसत होती. कापड काढले, पांढरा पुठ्ठा ठेवला, अर्धी तक्रार मिटली.

उरलेली अर्धी उजेडाची. दोन रंग खिडकीपाशी तंतोतंत जुळतात आणि ट्यूबलाइटखाली फटकून वागतात, कारण त्यांच्यातली रंगद्रव्ये निराळी असतात. गेल्या दिवाळीत सहज म्हणून नमुन्याच्या पट्ट्या पणतीपाशी धरल्या. दुपारी जुळलेल्या दोनांपैकी एक चक्क तपकिरी झाली. म्हणून पट्ट्या आधी करून, पूर्ण वाळवून, प्रतिकृती जिथे ठेवायची त्याच उजेडात पाहाव्यात.

शेवटी अंतराचा हिशेब. ८७ पटींनी लहान वस्तू अर्ध्या मीटरवरून पाहणे म्हणजे खरे इंजिन ४३ मीटरवरून पाहणे. तेवढ्या हवेतून गडद रंग उजळतो आणि निवळतो. डब्यातला अचूक रंग छोट्या आकारावर जड वाटतो तो यामुळे. काही जण याला नकार देतात : रंग तो रंग, पांढरा मिसळणे म्हणजे लबाडी. मला ते पटत नाही, कारण आपण रंग पाहत नसतो, इंजिन पाहत असतो. मी सात भाग लोखंडी राखाडीत एक भाग फिकट राखाडी घातली. शुद्ध पांढरा मुद्दाम टाळला, कारण त्याने निळसरपणा खडूसारखा होतो.

जुना हात खरवडून काढायला दोन रविवार गेले. १६ मिलिमीटरची दहा चाके एकेक करून सुटी केली, त्यांवर लालचा ठिपकाही ठेवला नाही. पाहुणे विचारतात, लाल चाके कुठे गेली? तेव्हा मी कोळशाच्या टेंडरची आतली बाजू उलटी करून दाखवतो. तिथे रणगाड्याचा काळपट रंग अजून तसाच आहे.